चित्राखाली नाव एकाचेच

शिक्षकांचे एक प्रशिक्षण शिबिर होते. विषय ‘निरीक्षण आणि नोंद’. मार्गदर्शकांनी पडद्यावर एक जुने चित्र दाखवले. एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याशा युरोपीय प्रवासवर्णनातले, लाकडी ठशावरून छापलेले. मध्यभागी घडीच्या खुर्चीवर एक गोरा साहेब बसला आहे. अंगात कोट, मांडीवर वही, हातात पेन्सिल. समोर उघड्या अंगाचा एक माणूस उभा आहे आणि साहेबाचा मदतनीस त्याच्या कपाळाला लोखंडी कंपास लावून डोक्याची रुंदी मोजतो आहे. मागे झोपडी, भेदरलेल्या बायका, आईच्या मागे दडलेले एक मूल. मार्गदर्शक म्हणाले, ‘‘शास्त्रीय निरीक्षण कसे असते, त्याचा हा नमुना. पाहा, साहेब त्या रानात जाऊनसुद्धा वही विसरलेला नाही!’’

सभागृहात हशा झाला. चित्राखाली साहेबाचे नाव होते. समोरच्या माणसाच्या वाट्याला ‘एक रानटी’ एवढेच आले होते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळांतले पाच-सहा जण मागच्या बाकांवर होतो. त्या माणसाचे नाव काय, असे आमच्यापैकी कोणी विचारले नाही. चहा झाला, प्रमाणपत्रे मिळाली, आम्ही घरी आलो. तो प्रश्न त्या दिवशी विचारायचा राहिला, तो आज इथे विचारत आहोत.

ही चित्रे आजही पाठ्यपुस्तकांतून, माहितीपटांतून, कॅलेंडरांतून फिरत असतात. त्यांना कोणी चित्र म्हणून पाहत नाही, सगळे पुरावा म्हणून पाहतात. ‘छापले आहे ना, म्हणजे तसेच असणार!’ म्हणून आधी हा पुरावा कसा तयार होत असे, ते पाहू.

फोटोचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला खरा, पण फोटो जसाच्या तसा मजकुराबरोबर छापण्याची सोय व्हायला पुढची चाळीस-पन्नास वर्षे जावी लागली. तोवर पुस्तकांत आणि सचित्र साप्ताहिकांत चित्र छापायचे तर ते बॉक्सवुड नावाच्या कठीण लाकडावर कोरावे लागे. हे झाड बारीक खोडाचे. म्हणून मोठे चित्र हवे असले, की लाकडाचे छोटे तुकडे बोल्टांनी जोडून ठसा तयार करत. घाई असली, की तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कोरणाऱ्यांना वाटून देत. एकाने आकाश कोरायचे, दुसऱ्याने झाडे, तिसऱ्याने माणसे.

पॅरिसमध्ये १८६० साली एदुआर शार्तों यांनी ‘ल तूर द्यु मोंद’, म्हणजे ‘जगाची सफर’, हे नियतकालिक सुरू केले. आशेत या प्रकाशन संस्थेने ते छापले. त्यातली चित्रे जगभर गाजली. त्यांचा एक प्रमुख चित्रकार होता एदुआर रियू. ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्यांची चित्रे काढणारा हाच गृहस्थ ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या जमातींचीही चित्रे काढी. प्रवाशाने आणलेले कच्चे रेखाटन किंवा फोटो समोर ठेवायचा आणि पॅरिसमध्ये बसून जंगल उभे करायचे. समुद्राच्या तळाचे कल्पित जग आणि हाडामांसाची माणसे, दोन्ही एकाच पेन्सिलीतून उतरत होती.

म्हणजे हिशेब असा : प्रवाशाची आठवण, चित्रकाराची कल्पना आणि कोरणाऱ्याची हातसवय. तीन हातांतून गेल्यावर समोरचा माणूस कितीसा उरणार? साहेबाचा चेहरा मात्र बरोबर उतरे, कारण साहेब पॅरिसमध्येच राहत होता आणि अंक हातात घेऊन तो तक्रार करू शकत होता. ज्याचे चित्र चुकले तो हजारो मैल दूर. त्याला अंकही दिसत नव्हता आणि त्याची तक्रार नोंदवून घेणारे दप्तरही नव्हते. चित्राखाली पुष्कळदा ‘फोटोवरून’ असे छापत, म्हणजे उरलासुरला संशयही मिटे.

खुर्ची, वही आणि कंपास हे त्या काळच्या नव्या शास्त्राचे सामान होते. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी १८५९ मध्ये मानवशास्त्राची संस्था काढली. माणसे कशी मोजावीत याच्या सूचनांची पुस्तिका १८६५ मध्ये निघाली. इंग्रजांनी आपल्या प्रवाशांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी तशीच प्रश्नावली १८७४ मध्ये छापली. नाकाची रुंदी, कवटीची लांबी, कातडीचा रंग... रकाने तयार होते. समोरच्याने उलटून काही विचारले तर ते कुठे लिहायचे, त्यासाठी मात्र रकाना नव्हता.

आता एका अशा माणसाची गोष्ट सांगतो, ज्याचे नाव सुदैवाने टिकले आहे.

कॅनडाच्या ईशान्य टोकाला लॅब्राडॉरचा बर्फाळ किनारा आहे. तिथे हेब्रॉन नावाच्या मिशनऱ्यांच्या वस्तीत अब्राहम नावाचा एक इनुइत राहत होता. आज त्याला अब्राहम उलरिकाब म्हणतात. उलरिके ही त्याची बायको. वय पस्तीस. मोरेव्हियन पंथाचा श्रद्धाळू ख्रिस्ती. आपल्या इनुक्तितुत भाषेत तो लिहीत-वाचत होता. व्हायोलिन वाजवत होता. मिशनच्या दुकानाचे कर्ज डोक्यावर होते. १८८० च्या ऑगस्टमध्ये याकोबसेन नावाचा एक नॉर्वेजियन माणूस जहाज घेऊन आला. हॅम्बुर्गचा जनावरांचा मोठा व्यापारी कार्ल हागेनबेक याचा तो एजंट. हागेनबेक युरोपच्या प्राणिसंग्रहालयांना वाघ-सिंह पुरवी. काही वर्षांपासून त्याने माणसेही दाखवायला सुरुवात केली होती. याकोबसेनने अब्राहमला मोबदल्याचे सांगितले. मिशनऱ्यांनी विरोध केला. पण अब्राहमला कर्ज फेडायचे होते आणि ज्या देशातून आपले धर्मगुरू आले, तो देशही पाहायचा होता. तो तयार झाला.

अब्राहम, उलरिके, त्यांची चार वर्षांची सारा, वर्षही न झालेली मारिया, आणि तोबियास नावाचा वीस वर्षांचा तरुण असे पाच जण हेब्रॉनहून निघाले. आणखी उत्तरेकडचे, ख्रिस्ती न झालेले तिघे त्यांच्याबरोबर होते : तेरियानियाक, त्याची बायको पाइंगू आणि त्यांची पंधरा वर्षांची मुलगी नोग्गासाक. एकूण आठ. जहाज सप्टेंबरात हॅम्बुर्गला लागले. तिथून बर्लिन, प्राग, फ्रँकफुर्ट, डार्मस्टाट, क्रेफेल्ट आणि शेवटी पॅरिस.

बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात त्यांची झोपडी उभारली होती. लोक तिकीट काढून यायचे. त्यांना हवे होते कातड्याचे कपडे, हार्पून, होडी आणि कुत्रे. व्हायोलिन वाजवणारा, रोजनिशी लिहिणारा ‘रानटी’ पाहायला कोण तिकीट काढणार?

आणि हा ‘रानटी’ रोज आपल्या भाषेत लिहीत होता. माणसांचा लोंढा किती, गाड्यांचा खडखडाट किती, कुंपणाची जागा कशी भरून जाते, हे त्याने लिहिले. एक दिवस लोक इतके आत घुसले, की अखेर त्याने हातात चाबूक आणि हार्पून घेऊन, चेहरा भयंकर करून त्यांना बाहेर पिटाळले. तेही त्याने लिहिले. वाचकहो, जरा थांबून पाहा. ‘रानटी माणूस हार्पून उगारतो’ असे चित्र एखाद्या साप्ताहिकाने त्या घटकेला छापले असते तर ते हुबेहूब ठरले असते आणि तरीही संपूर्ण खोटे. कारण तो माणूस आपल्या बायको-मुलींच्या दारासमोर उभा होता. तुमच्या-आमच्या घरात तिकीट काढून गर्दी घुसली तर आपणही दांडकेच उचलू.

बर्लिनमधल्या या आठ जणांची मोजमापे घेतली ती रुडॉल्फ फिर्खो यांनी. हे नाव ऐकून विज्ञानाचे शिक्षक चमकतील. पेशींपासून रोग समजून घेण्याच्या शास्त्राचा पाया घालणारे ते हेच. गरिबीमुळे साथी पसरतात, औषधाइतकीच त्यांना शिक्षणाची आणि लोकशाहीची गरज आहे, असे १८४८ मध्ये सरकारला ठणकावून सांगणारे, बर्लिनच्या गटारांसाठी झटणारे, बिस्मार्कशी भांडणारे फिर्खो. ते दुष्ट नव्हते. म्हणूनच हे उदाहरण निवडले. दुष्टाचे चित्र काढून त्यावर थुंकणे सोपे असते. भल्या माणसाच्या हातात कंपास आला की काय होते, ते पाहणे अवघड.

फिर्खो पाइंगूचे माप घेत होते. ती आधीच बिचकली होती. हात आडवे पसरून माप घ्यायची वेळ आली तेव्हा ती त्यांच्या हाताखालून निसटली आणि खोलीभर आदळआपट करू लागली. फिर्खोंनी काय केले? बारकाईने नोंद केली. मनाचा एक विलक्षण झटका म्हणून ७ नोव्हेंबर १८८० रोजी प्राणिसंग्रहालयातच भरलेल्या मानवशास्त्र संस्थेच्या सभेत त्याचे वर्णन झाले. परका पुरुष, अनोळखी भाषा, अंगाला लागणारा हात. आमच्या घरातली कोणतीही बाई यावर काय करील, ते सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पाइंगूने आपल्याकडे होती त्या एकमेव भाषेत ‘नाही’ म्हटले. वहीत ते ‘नाही’ म्हणून उतरले नाही, रोगाचे लक्षण म्हणून उतरले.

पुढचे लिहिताना हात जड होतो. या आठ जणांना देवीची लस टोचलेली नव्हती. जर्मनीत १८७४ पासून लसीचा कायदा होता. ज्यांनी आणले त्यांच्याकडून ते राहून गेले. कवटी मोजली, नाक मोजले, हातांची लांबी मोजली. जीव वाचवणारी एक साधी चौकशी झाली नाही. १४ डिसेंबरला डार्मस्टाटमध्ये नोग्गासाक गेली. २७ डिसेंबरला क्रेफेल्टमध्ये पाइंगू गेली. ३१ डिसेंबरला तिथेच इस्पितळात चार वर्षांची सारा गेली. मरणाऱ्या लेकीला मागे ठेवून आईबापांना पॅरिसच्या गाडीत बसावे लागले. लस टोचली ती १ जानेवारी १८८१ ला, पॅरिसमध्ये. वेळ निघून गेली होती. १६ जानेवारीपर्यंत उरलेले पाचही जण गेले. शेवटची गेली उलरिके.

मेल्यावरही सुटका झाली नाही. पॅरिसमध्ये मेलेल्या पाच जणांचे सांगाडे तिथल्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात गेले. पाइंगूच्या कवटीचा वरचा भागही तिथेच पोहोचला. ते तिथे आहेत, हे कॅनडातल्या फ्रान्स रिव्हे नावाच्या संशोधक बाईंनी शोधून काढले आणि २०१४ मध्ये पुस्तक लिहून जगापुढे मांडले. म्हणजे १३० वर्षांहून अधिक काळ ही माणसे कफन-दफनाविना होती. मय्यत झाली की शक्य तितक्या लवकर माती द्यावी, असे मानणाऱ्या आम्हा लोकांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये.

इथे दोन प्रकारचे लोक आम्हाला अडवतील. दोघांनाही उत्तर दिले पाहिजे.

पहिले म्हणतील, ‘‘काळच तसा होता. आजच्या मोजपट्टीने जुन्या लोकांना मोजू नका.’’ आमचे उत्तर असे, की त्या काळातही वेगळे बोलणारे होते. हेब्रॉनच्या मिशनऱ्यांनी विरोध केला तो १८८० मध्येच. प्रदर्शन चालू असतानाच जर्मन वृत्तपत्रात माणसांना असे मांडण्यावर टीका छापून आली आणि फिर्खोंना बचावासाठी पुढे यावे लागले. आणि खुद्द अब्राहम काय दुसऱ्या काळात राहत होता? त्याला थंडी-गर्दीचा, अपमानाचा आणि घराच्या ओढीचा त्रास त्याच काळात झाला. ‘काळ तसा होता’ म्हणणारे काळ म्हणजे फक्त खुर्चीवर बसलेल्याचा काळ धरतात. उभे राहिलेल्याचा काळ ते मोजतच नाहीत.

दुसरे आमचेच बांधव आहेत. ते म्हणतील, ‘‘हे सगळे युरोपचे पाप. आमच्याकडे अल-बिरूनी होता. त्याने संस्कृत शिकून, पंडितांकडून समजून घेऊन हिंदुस्तानावर किताब लिहिली.’’ खरे आहे. १०३० च्या सुमाराचा तो ग्रंथ आजही अचंबा वाटावा असा आहे. ज्याच्याविषयी लिहायचे त्याची भाषा आधी शिकायची, हा धडा बिरूनीने ब्रोकाच्या आठशे वर्षे आधी घालून दिला. पण बिरूनी इथे पोहोचला तो गझनीच्या महमूदाच्या फौजांनी उघडलेल्या वाटेने. त्या स्वाऱ्यांनी देश उद्ध्वस्त झाला, लोकांची मने दुरावली, हे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच अकराव्या शतकात बगदादच्या इब्न बुतलान या ख्रिस्ती हकिमाने अरबीत एक रिसाला लिहिला : गुलाम विकत घेताना काय तपासावे, कोणत्या मुलखाची माणसे कोणत्या कामाला बरी. कंपास नव्हता, पण नजर तीच होती आणि बाजार भरत होता तो आमच्याच खलिफांच्या राज्यात. आपल्या कपाटातला हा रिसाला लपवून दुसऱ्याच्या कपाटाकडे बोट दाखवणे इन्साफाला धरून नाही.

आता तो कंपास आपल्या देशात कसा आला, ते थोडक्यात. कलकत्त्यात १८६६ च्या सुमारास एक प्रस्ताव पुढे आला होता : देशोदेशीच्या जमातींची जिवंत माणसे आणून त्यांचे प्रदर्शन भरवावे. ते भरले नाही. डोंगरी लोकांना कलकत्त्याला आणून परत नेईपर्यंत काही जण मरतील आणि सरकारची अडचण होईल, असे आसामकडून कळवण्यात आले. तरी त्या हालचालीतून कर्नल डाल्टन यांचा बंगालच्या जमातींवरचा जाडजूड ग्रंथ १८७२ मध्ये निघालाच. त्यातली चित्रे फोटोंवरून दगडी छापाने केलेली. पुढे रिस्ले यांनी नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड लावली आणि १९०१ ची खानेसुमारी त्यांच्याच हाताखाली झाली.

या मोजमापाला महाराष्ट्रातून मिळालेले उत्तर आमच्या तरुणांनी ध्यानात ठेवावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात घुर्ये यांच्या पुस्तकातली नाकांची मापेच घेतली आणि त्याच आकड्यांवरून दाखवून दिले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशांचे ठरत नाहीत. ज्यांना मोजले त्यांच्यातला एक माणूस उठला आणि त्याने मोजणाऱ्याची वही वाचली. शिकण्याचा याहून मोठा उपयोग आम्हाला माहीत नाही.

आमच्यातल्या एका जमातीची वही मात्र अजून कोणी तशी वाचलेली नाही. छप्परबंद. मुसलमान, भटके, मोलमजुरी करणारे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्या यादीत छप्परबंदही आले. मुंबई इलाख्यातल्या गुन्हेगार वर्गांची माहिती देणारे केनेडी या पोलीस अधिकाऱ्याचे पुस्तक १९०८ मध्ये सरकारी छापखान्यात छापले. त्यात छप्परबंदांचे वर्णन आहे, खोटी नाणी पाडणारे म्हणून. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण आमच्या जमातीच्या बैठकीत, आमच्या लग्नाच्या पंगतीत छप्परबंद, मदारी, दरवेशी, फकीर यांच्याविषयी जे बोलले जाते, ते ऐका. तीच वही, फक्त जीभ आमची. मुलीचे स्थळ पाहताना खानदान विचारणारे आम्ही, मशिदीतली सफ सोडली तर आमची प्रत्येक रांग मोजून लावलेली असते. मुस्लिम ओबीसी चळवळीने हे तोंडावर सांगितले तेव्हा आमच्यातल्याच प्रतिष्ठितांना राग आला होता, हे विसरू नये.

एक गुन्हा खास शिक्षकांचा. तोही कबूल केला पाहिजे. फिर्खोंनी १८७० च्या दशकात जर्मनीतल्या शाळकरी मुलांची प्रचंड पाहणी केली. केस कोणत्या रंगाचे, डोळे कोणत्या रंगाचे, कातडी कशी. सुमारे ६७ लाख मुले मोजली गेली. मोजली कोणी? शाळामास्तरांनी. तक्ते आले, वर्गात मुले उभी राहिली, मास्तरांनी रकाने भरले. ज्यू मुलांचा रकाना वेगळा होता. फिर्खोंचा निष्कर्ष तर उलटच निघाला : शुद्ध जर्मन वंश असे काही नाही, सरमिसळ सगळीकडे आहे. पण निष्कर्ष पुस्तकात राहिला. आपल्या बाकावरचा सोबती वेगळ्या रकान्यात लिहिला जातो, हे मात्र ६७ लाख मुलांनी डोळ्यांनी पाहिले. त्या देशात साठ वर्षांनी काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. ते सगळे त्या तक्त्यांमुळेच झाले असे आम्ही म्हणत नाही. पण त्या मास्तरांपैकी एकानेही ‘हा रकाना कशाला?’ असे विचारले असेल का, हा प्रश्न आम्हाला झोपू देत नाही. कारण आम्हीही रकाने भरतो. धर्म, जात, प्रवर्ग, घरची भाषा, आईचे शिक्षण, वडिलांचा धंदा. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला तो आकड्यांच्याच जोरावर, आणि त्याने आमच्या दैन्यावर पडलेली चादर दूर केली. तेव्हा मोजणीला आमचा विरोध नाही. मोजून झाल्यावर वही कोणाकडे जाते आणि परत काय येते, एवढेच आम्ही विचारतो.

साहित्यिक मित्रांनाही सोडणार नाही. मराठी दिवाळी अंकातल्या कथेत मुसलमान आला की चित्रकार काय काढतो? जाळीची टोपी, गळ्यात तावीज, डोळ्यांत सुरमा, तोंडात पान. बाई असली तर बुरख्याच्या जाळीतून दोन डोळे. चित्रकाराच्या शेजारच्या इमारतीत मुसलमान कारकून राहतो, लोकलमध्ये त्याच्याच बाकावर बसतो, पण चित्रात तो येत नाही. रियूला ॲमेझॉन लांब होते, यांना भिवंडी आणि मिरजसुद्धा लांब! आम्ही यावर चिडतो ते बरोबर आहे. पण चिडून काय केले? आपल्या घरचे, बोलीचे, भांडणांचे, कर्जाचे, हसण्याचे चित्र मराठीत किती जणांनी लिहिले? शेजाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत आपण लिहिले नाही, तर तो जुन्याच ठशावरून आपले चित्र छापत राहणार.

अब्राहमच्या वहीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. त्याची वही हेब्रॉनला परत गेली. तिथल्या मिशनऱ्याने तिचा जर्मन अनुवाद केला. इनुक्तितुत मूळ प्रत हरवली. अनुवादाची हस्तलिखित नक्कल १९८० मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मोरेव्हियन दप्तरात एका कॅनेडियन संशोधकाला सापडली आणि २००५ मध्ये तिचे इंग्रजी पुस्तक झाले. मूळ भाषा गेली, पण लिहिले होते म्हणून माणूस उरला. पाइंगू लिहीत नव्हती. ती आपल्यापर्यंत पोहोचते ती फक्त मोजणाऱ्याच्या वहीतून. हा फरक आम्ही वर्गातल्या मुलींना सांगतो.

सूरह हुजुरातमध्ये माणसांच्या कौमा आणि कबिले कशासाठी केले, ते सांगितले आहे : एकमेकांची ओळख व्हावी म्हणून. तिथे आलेली क्रिया ज्या घडणीची आहे, तिला अरबी व्याकरणात ‘तफाउल’ म्हणतात. त्या घडणीत क्रिया सहसा दोन्ही बाजूंनी होते. तआवुन म्हणजे परस्परांना मदत, तबादुल म्हणजे देवाणघेवाण. तसेच तआरुफ. मी तुला ओळखायचे आणि तू मला. एकजण खुर्चीवर बसून ओळखतो आणि दुसरा उभ्याउभ्या ओळखला जातो, याला तआरुफ म्हणत नाहीत, भले त्याखाली कितीही मोठ्या विद्वानाचे नाव असो.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. ती जुनी चित्रे जाळू नका, लपवू नका. वर्गात जरूर दाखवा. पण दाखवताना विचारा : हे कोणी काढले, कुठे बसून काढले, नाव कोणाचे दिले, कोणाचे गाळले, आणि चित्र काढून झाल्यावर त्या माणसाचे काय झाले? शाळेत तक्ते भरताना पालकांना बोलावून सांगा, की हे कशासाठी भरतो आहोत. छप्परबंदांवर, मदाऱ्यांवर लिहायची हौस असलेल्यांनी आधी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावे, लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे. त्याहून बरे म्हणजे त्यांच्या मुलांच्या हातात वही द्यावी आणि आपण थोडे गप्प बसावे.

ते शिबिरातले चित्र आम्ही परवा सातवीच्या वर्गात फळ्यावर काढून दाखवले. चित्रकला आमची बेताचीच. साहेबाची खुर्ची वाकडी झाली. आम्ही काही बोलायच्या आत मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, ये खडा हुआ आदमी कौन है? इसका नाम क्या है?’’

चाळीस पदवीधर शिक्षकांना जे सुचले नाही, ते तिला सुचले. तिला उत्तर देता येत नाही, याची लाज आम्हाला वाटते. तिने प्रश्न विचारायचे सोडू नये, एवढी जबाबदारी मात्र आमची आणि तुमची आहे.